चार ते सव्वाचार

अयोध्या दुपारी पावणेचारला तोंड धुते, वेणी घालते आणि मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेते, हे तिच्या नवऱ्याला एका मंगळवारी समजलं. त्या दिवशी त्याची दुपारची फेरी रद्द झाली आणि तो वेळेआधी घरी आला. एरवी दयानंद त्या सुमाराला नांदेड-लातूर गाडीत, लोह्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी तिकिटं काढत असायचा.

त्याने दाराला कान लावला. आत अयोध्या बोलत होती. भांडताना बोलते तसं नाही, देवापुढे पुटपुटते तसंही नाही. हळू बोलत होती. मध्येच थांबायची, मग "हं" म्हणायची. एकदा हसली.

लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. ते हसणं दयानंदच्या ओळखीचं नव्हतं.

त्याने दार ढकललं. खोलीत ती एकटी होती. मांडीवर अर्धी शिवलेली वाकळ, हातात सुई. मोबाइल फळीवर चार्जिंगला लावलेला.

"कोन होतं?"

"कोनी न्हाई."

"मंग कोनासंगं बोलून राहिलीस?"

अयोध्याने सुई कापडात खोचून ठेवली. "बसा. सांगते. पन वरडू नका. तुमी वरडलं की त्याचा आवाज चढतो."

"त्याचा?"

"हाव."

तिने सांगितलं ते असं. दिवाळीनंतर महिन्याभराने, ती एकटी शिवत बसलेली असताना, कोणीतरी तिचं नाव घेतलं. ती उठून दारापर्यंत गेली. गल्लीत कुत्रं होतं, माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. चार दिवसांनी तो नुसतं नाव घेऊन थांबेना. टाका बारीक पडलाय म्हणाला. काठ बरोबर जुळवलास म्हणाला. डोळे का सुजलेत म्हणाला. दिसत नाही, नुसता बोलतो. आधी तिला बरं वाटलं. तनुजा, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला गेल्यापासून घरात दिवसभर कोणी बोलायला नव्हतं. मग तो थांबेचना. भाकरी थापताना बोले, न्हाणीत बोले, बाजारात बोले. तिची झोप गेली. आणि पंधरा दिवसांपासून तो वेगळंच बोलायला लागला होता.

"येगळं काय?"

"तुमी आनलेलं खाऊ नको मनतो."

दयानंदला पेरू आठवले. लातूरहून आणलेले दोन किलो पेरू टोपलीतच सडले होते. बायको रुसली असेल म्हणून त्याने विचारलंही नव्हतं.

अयोध्याने ही गोष्ट लेकीला सांगितली होती. लेकीने सरकारी हेल्पलाइनचा नंबर दिला, स्वतः लाइनवर राहून आईला बोलायला लावलं आणि लातूरच्या एका मानसोपचार डॉक्टरीणबाईंकडे नंबरही लावला. गर्दी फार. नंबर मिळाला एकोणीस तारखेचा. अजून सतरा दिवस होते. तोपर्यंत काय करायचं ते हेल्पलाइनवरच्या माणसाने शिकवलं होतं. एकटं राहू नका. तो काय बोलतो ते वहीत लिहून ठेवा. तो स्वतःला किंवा कुणाला इजा करायला सांगू लागला तर तारखेची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात जा. आणि त्याला एक वेळ बांधून द्या. अवेळी आला तर सांगा, आता काम आहे, त्या वेळेला ये.

"मनून मी चार ते सव्वाचार दिलं त्याला," अयोध्या म्हणाली. "दिवसभराचं लई कमी झालं बगा. सव्वाचारला मी उठते, भांडी काढते घासायला. भांड्याच्या आवाजात त्याचं काही चालत न्हाई."

एवढं सगळं ऐकून दयानंदने एकच विचारलं.

"मंग येनी कशापायी घातलीस?"

अयोध्याने वेणीला हात लावला. जणू ती तिथे आहे हे तिला आत्ताच कळलं. "चार वाजता कोनी येनार असलं," ती म्हणाली, "की घालतंच की मानूस."

दयानंदविषयी इथे थोडं सांगायला हवं. अहमदपूर डेपोत बोलका कंडक्टर म्हणजे दयानंद. म्हाताऱ्यांना हात धरून चढवणारा, कॉलेजच्या पोरींना "ए इंजिनेर, पास दाखव" म्हणणारा, बाळंतिणीच्या हातातलं लेकरू घेऊन तिला आधी बसू देणारा. चाकूरच्या भाजीवाल्या बाया म्हणायच्या, ह्याची बायको नशिबाची. घरी आला की मात्र तो जेवताना मोबाइल बघायचा. दिवसभर बोलून जबडा दुखतो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. अयोध्याच्या वाकळींना तीन-चार गल्ल्यांत मागणी होती. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर लावून ती अशी बारीक, सरळ ओळ घालायची की मशीनने घातली वाटावी. दयानंद तेवीस वर्षं त्याच वाकळींखाली झोपत होता.

संध्याकाळी ती दळण आणायला गेली तेव्हा त्याने तिचा मोबाइल उघडला. तनुजा, तनुजा, गॅसवाला, गल्लीतली वर्षाराणी, पुन्हा तनुजा. मध्ये एक आखूड, पाच आकडी नंबर तीनदा. त्याने तो लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

"नमस्कार. आपल्याला कोणाविषयी बोलायचंय?"

"तुझ्याविषयी," दयानंद म्हणाला.

पलीकडचा माणूस गडबडला नाही. "बोला ना," तो म्हणाला, "मी ऐकतोय." दयानंदने फोन कापला. परक्या माणसाने इतकं गोड बोलावं, हे त्याला पटलं नाही. हेल्पलाइन आहे हे कळत होतं. तरी ह्यानेच आपल्या बायकोला, त्याला वेळ दे, असं शिकवलंय, हेही कळत होतं.

मग वही सापडली, पिठाच्या डब्याच्या मागे. अयोध्याचं अक्षर मोठं, सातवीत सोडलेल्या शाळेचं. "तो म्हणाला तुझ्यासारखा टाका सात गावात नाही." "तो म्हणाला आज निळं लुगडं नेस." "तो म्हणाला तुझा नवरा आला, गप बस." "तो म्हणाला त्यानं आणलेल्या चहात काहीतरी आहे. मी त्याला म्हणलं चार वाजता बोल." चहाची ओळ दयानंदने एकदा वाचली. निळ्या लुगड्याची तीनदा. सोमवारची तारीख होती. सोमवारी ती काय नेसली होती हे त्याला काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने मोबाइल खिशातून काढलाच नाही.

"वय किती असंल?"

"कोनाचं?"

"त्याचं."

अयोध्या विचारात पडली. तिने खरंच विचार केला, ह्याचाच त्याला राग आला. "तुमच्याहून कमी," ती म्हणाली.

"कुठला हाय?"

"ते काय मालूम. पन बोलताना हेल काढतो. धर्माबादच्या अंगाचा वाटतो, तेलंगी हेल."

"तिकडं कोन होतं तुझ्या वळखीचं? लग्नाआधी?"

"कोनी न्हवतं."

"शाळंत?"

"मुलींची शाळा होती माझी." तिने त्याच्याकडे पाहिलं. "अहो, मला भेव वाटून राहिलं अन् तुमी चौकशी काय करता? तो मानूस न्हाई. डॉक्टरीनबाई सांगतील काय हाय ते."

"डॉक्टरीनबाईला सांगनार का तू? निळ्या लुगड्याचं?"

वही कोणी वाचली ते अयोध्याला समजलं.

शेजारच्या यशोदाबाईंना गोष्ट कळायला दोन दिवस लागले. अयोध्या एकटी राहू नये म्हणून दुपारची त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसायला लागली होती, तूर निवडू लागायची. शनिवारी यशोदाबाईंनी दयानंदला गल्लीच्या तोंडाशी गाठलं.

"भाऊ, एक सांगू का, राग धरू नका. ती शिवून राहिली ती वाकळ कोनाची हाय?"

"वर्षाराणीच्या लेकराचं दुपटं हाय ते. तिला सातवा हाय न्हवं."

"दुपटं हाय, पन कापड कोनाचं? तिच्या बापाची धोतरं हायेत. आज्याच्या धोतराचं दुपटं नातवाला मऊ असतंय, ते खरं. पन आज्या वारला गेल्या आखाडात. मेलेल्या मानसाचं कापड आपलं मानूस शिवतंय, परक्यानं शिवू न्हाई. कापडासंगं मानूस बी येतंय."

"कुठला तिचा बाप?"

"उमरीचा. ग्यानोबा नाव."

उमरी. तिथून धर्माबाद काही लांब नाही. दयानंदच्या मनात सगळे टाके जुळले. वर्षाराणीचा तो माहेरचा हेल गल्लीत येता-जाता अयोध्याच्या कानावर पडत होता, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. त्याला भीती वाटायला हवी होती. तशी ती वाटली नाही. उलट बरं वाटलं, कारण आता त्या माणसाला नाव होतं, गाव होतं. वय जुळत नव्हतं, पण मेल्यावर माणूस आपल्या भरातल्या वयाचा होऊन येत असेल, असं त्याने ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी त्याच्या मोबाइलवर लातूरच्या दवाखान्यातून फोन आला. तनुजाने वडिलांचा नंबर दिला होता. एक मुलगी म्हणाली, "एकोणीस तारखेला येणार ना? कन्फर्म करायचंय." स्वयंपाकघरात अयोध्या भाकरी थापत होती. दयानंद पाठमोरा उभा होता. त्याच्या डोळ्यांपुढे एक खुर्ची आली, खुर्चीत बायको, आणि परक्या लोकांसमोर ती सांगते आहे की चार वाजता माझ्याकडे एक जण येतो. कंडक्टरची बायको. अहमदपूर ते लातूर सगळी गाडी त्याला ओळखत होती.

"नको," तो म्हणाला. "नंबर काढून टाका. आमचं आमी बघतो."

भाकरीची थाप थोडा वेळ थांबली आणि परत सुरू झाली.

बुधवारी त्याची साप्ताहिक सुट्टी होती. डेपोत काम आहे सांगून तो नांदेडला गेला आणि तिथून उमरीला. ग्यानोबाची विधवा केवळाबाई ओसरीवर कापसाच्या वाती वळत बसली होती. पातळ, ताठ म्हातारी. एका डोळ्यावर जाड भिंग.

"मावशी, मी वर्षाराणीच्या गल्लीतला. कंडक्टर हाय."

"पोरगी बरी हाय न्हवं?"

"लई मजेत हाय. तिचं काई न्हाई." त्याने पाणी घेतलं. गाडीत तो कुणाशीही बोलू शकत असे. इथे त्याला शब्द सापडेना. "काका सभावाला कसे होते?"

"कामून?"

शेवटी त्याने सांगून टाकलं. धोतरं, दुपटं, चार वाजता. केवळाबाईच्या बोटांतली वात अर्धी राहिली.

"काय मनतेत तिला?"

"टाका चांगला हाय मनतेत."

"अजून?"

"डोळे कामून सुजलेत मनतेत."

"अजून?"

दयानंदने निळं लुगडं सांगितलं नाही. "तेवढंच."

"बेचाळीस वर्षं," केवळाबाई म्हणाली. "जिनिंगवर वॉचमन होते. घरी आले की 'वाढ' मनायचे. पोट भरलं की 'बस' मनायचे. माझ्या डोळ्याचं आपरेशन झालं नांदेडला. पट्टी बांधून आले, तर मनले, 'कोन हाय?' मी मनलं, मी हाय. मनले, 'बरं.' बेचाळीस वर्षांत माझ्या डोळ्यांवर एवढंच बोलले." तिने वात खाली ठेवली. "अन् तुमच्या बायकूचे डोळे दिसले व्हय त्यास्नी?"

दयानंदने पाण्याचा रिकामा पेला खाली ठेवला.

"दिसायला कशी हाय ती?"

"चांगली हाय."

"वय काय?"

"चव्वेचाळीस."

"मंग काय," केवळाबाई म्हणाली. "धोतरं परत आनून द्या मला. माझ्या मानसाची हायेत ती. लेकीला मी सांगते. तिच्या लेकराला मी बाजारातून दुपटं घेऊन देईन, मखमली."

तो उठला. चपला घालत असताना तिने मागून हाक मारली. आवाज पडला होता.

"ऐका हो. तिला विचारा एक. माझं काही नाव काढतेत का मनून."

"विचारतो."

तो अंगणाच्या कडेला पोचला तेव्हा तिने पुन्हा थांबवलं.

"नका विचारू. ऱ्हाऊ द्या." ती परत वात वळायला लागली होती. "माझंच डोस्कं फिरलं तुमचं ऐकून. आमचे असते तर गप बसले असते. जित्यापनी बोलले न्हाईत ते मेल्यावर काय बोलतेत? मरून काय सभाव बदलतोय मानसाचा? ते कोन दुसरंच हाय, न्हाईतर कोनीच न्हाई. बायकूला दवाखान्यात न्या, बाबा. धोतरं ऱ्हाऊ द्या तिच्याकडं. टाका चांगला हाय मनता न्हवं."

परतीच्या गाडीत दयानंद खिडकीशी बसला. त्याला ती म्हातारी सारखी दिसत होती: वय काय, दिसायला कशी, अजून काय म्हणतेत. असलेच प्रश्न त्यानेही विचारलेले होते, ताटावर बसून. त्याच्या तोंडून ते त्याला शहाण्यासारखे वाटले होते. कंडक्टर तिकीट मागायला आला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर, लातूरला गाडी थांबते तेवढ्या वेळात तो रिक्षाने दवाखान्यात गेला. काउंटरवरच्या मुलीने वही उघडली.

"तुमचा नंबर रद्द आहे. पेशंटच्या नवऱ्याने रद्द केला, असं लिहिलंय."

"हाव. मीच तो."

"आता पुढचा महिना. का रद्द केला होता?"

दयानंदला खरं कारण सांगता येईना आणि खोटं सुचेना. "घरी पाव्हना होता," तो म्हणाला. "माय, पेशंटला दम निघायचा न्हाई. माझी चूक हाय, तिची न्हाई."

मुलीने त्याच्या खाकीकडे पाहिलं. "एकोणीसला सकाळी नऊपासून येऊन बसा. कोणी आलं नाही तर मॅडमना विचारते. नक्की सांगत नाही."

अयोध्याला त्याने एवढंच सांगितलं की एकोणीसला लवकर निघावं लागेल, तिथे रांग असते. तिने मान हलवली.

मधले आठ दिवस वाईट गेले. तो आवाज वेळ पाळीनासा झाला. अकरा वाजताच यायचा, म्हणायचा, मला चारपर्यंत थांबवणारी तू कोण. अयोध्या भांडी घासायची, घासलेली परत घासायची. तनुजा सकाळ-संध्याकाळ फोन करून आवाज काय म्हणाला ते विचारायची, आणि इजा करायला तर सांगत नाही ना, हेही. एका दुपारी त्याने सांगितलं, नवरा येतोय, घरातून निघ. ती निघाली ती यशोदाबाईंच्या उंबऱ्यापर्यंत. सूप मांडीवर घेऊन दयानंद येईपर्यंत तूर निवडत बसली. यशोदाबाईंनी तिला एकटं उठू दिलं नाही. कापडाबद्दल मात्र पुन्हा एकदा ऐकवलं.

त्या संध्याकाळी दयानंदने चहा केला. अयोध्या कपाकडे बघत राहिली.

"पिऊ नको मनतोय?"

"हाव." मग ती म्हणाली, "तुमी आधी एक घोट घ्या. मंग मला धीर येईल."

तेव्हापासून तो प्रत्येक गोष्टीचा पहिला घास खायला लागला. चहा, केळं, त्याने आणलेल्या मिठाचं वरणसुद्धा.

"बघतोय का तो?" त्याने विचारलं.

"बघत न्हाई. ऐकतो."

"मंग ऐक म्हनाव," दयानंद म्हणाला आणि शेवचिवडा इतका वाजवून खाल्ला की अयोध्याला हसू आलं. त्या दिवशी मागच्या खोलीतून ऐकलेलं हसणं ते नव्हतं. दयानंदने हे लक्षात ठेवलं.

एकोणीस तारखेला ते साडेआठलाच दवाखान्यात पोचले. बाकावर लोक येत गेले, आत जात गेले. प्रत्येक नंबरला दयानंद मान वर करायचा आणि मुलगी नकारार्थी मान हलवायची. जेवण त्यांनी डब्यातलं, तिथेच केलं. पहिला घास त्याने घेतला. दुपार कलली. अयोध्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची.

"चार वाजले," ती म्हणाली.

"मंग?"

"त्याला वेळ दिलेली हाय. न्हाई बोलले तर वरडतो. इतक्या लोकांत कसं बोलू?"

दयानंदने खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, बंद केला आणि तिच्या हातात दिला. "कानाला लाव. लोकं मनतील फोनवर हाय."

आणि मग पंधरा मिनिटं तो बायकोच्या शेजारी बसून राहिला आणि ती दुसऱ्याशी बोलत राहिली. "हं. ... न्हाई. ... आता न्हाई सांगत. ... तू मनशील तसं न्हाई व्हनार." दयानंद भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. त्याच्या हाताच्या मुठी झाल्या होत्या. ठोसा मारावा तर कुठे मारावा, हे घड्याळाला विचारल्यासारखा तो बघत होता.

पलीकडची एक बाई वाकून म्हणाली, "लेकीचा फोन का?"

"हाव," दयानंद म्हणाला.

सव्वाचारला त्याने अयोध्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला. "झालं. टाइम झाला त्याचा."

पाच वाजून गेल्यावर बाक रिकामा झाला. कोणाचाच नंबर चुकला नव्हता. मुलगी आत जाऊन आली आणि म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, घ्या त्यांना."

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी वही वाचली, निळ्या लुगड्याचं पानसुद्धा, आणि पान उलटलं. काही विशेष वाचल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. झोप, जेवण, घरात पूर्वी कोणाला असं काही, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "आत्ता येतोय आवाज?"

"येतोय."

"काय म्हणतो?"

अयोध्याने दयानंदकडे पाहिलं, मग मांडीवरच्या हातांकडे.

"मनतो, तुझ्या नवऱ्यानंच नंबर काढून टाकला होता. तुला बरं करायचं न्हाई त्याला."

"हे तो कधीपासून म्हणतोय?"

"त्या रविवारपासून. मी भाकरी करून राहिले होते. मला ह्यांचाच आवाज आला, फोनवर बोलल्यासारखा. नंबर काढून टाका मनून." ती थांबली. "पन बाई, मला आता कळत न्हाई. कोनता आवाज बाहेरचा अन् कोनता त्याचा. हे असं करतील का? मनून मी ह्यांना विचारलंच न्हाई. म्हनलं, ते बी त्याचंच असंल. मीच यडी झाले."

डॉक्टरीणबाईंनी दयानंदकडे बघितलंही नाही. त्या थांबल्या फक्त.

बारा दिवस ती हे एकटी घेऊन बसली होती. नवऱ्यावर ठपका येऊ नये म्हणून तिने स्वतःचं डोकं फिरलं असं मानून घेतलं होतं. दयानंदला वाटलं, आता गप्प राहिलो तर तो जिंकला, आणि खरं बोललो तरी तोच जिंकला. कारण खरं तोच बोलत होता.

"ते खरं हाय," दयानंद म्हणाला. "तो आवाज माझा होता, अयोध्या. तुझ्या कानाचा दोष न्हाई. तू बरोबर ऐकलंस."

अयोध्याने मान वर केली. राग येईल असं त्याला वाटलं होतं. आधी तिचे खांदे खाली आले.

"मंग मी इतकी बी बिघडले न्हाई," ती म्हणाली, डॉक्टरीणबाईंना.

"नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे असं रोज करायचं. शंका आली की ह्यांना विचारायचं, हे तुम्ही बोललात का. ह्यांनी खरं सांगायचं." मग दयानंदकडे बघून, "दर वेळी."

गोळ्या लिहून दिल्या. रात्रीची एक, जेवणानंतर. आधी झोप लागेल, आवाज उतरायला काही आठवडे लागतील, गोळी मनाने बंद करायची नाही, पंधरा दिवसांनी यायचं. धोतराचं दयानंदने विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुपटं पूर्ण करू द्या त्यांना. काम चालू राहिलेलं चांगलं."

परतीच्या गाडीत ओळखीचा कंडक्टर होता. वहिनींना घेऊन कुठे, असं त्याने विचारलं. "दवाखान्यात," दयानंद म्हणाला. कंडक्टरने पुढे विचारलं नाही.

आष्टा मोड गेल्यावर अयोध्या म्हणाली, "कामून केलं तसं?"

"मला वाटलं खराच कोनी हाय."

"मी सांगून राहिले न्हवते का, न्हाई मनून?"

"ते ऐकलंच न्हाई मी. निळ्या लुगड्याचं ऐकलं."

तिने बाहेर पाहिलं. दिवस बुडाला होता, रस्त्याच्या कडेने हरभरा उभा होता. "निळं न्हाई नेसले मी त्या दिवशी," ती म्हणाली. "हिरवं नेसले. त्याला राग आला."

दयानंदला त्यातून जेवढं सुख घेता येईल तेवढं त्याने घेतलं.

चाकूर आलं, गेलं. "गोळ्यांनी जाईल मनल्या," तो म्हणाला. "गेला तर तुला कसं वाटंल?"

"सुटल्यासारखं वाटंल." तिने पिशवीतल्या गोळ्यांच्या पुडीवरून हात फिरवला. "अन् थोडं वाईट वाटंल. खोटं कशाला बोलू."

थोडं म्हणजे किती, हे दयानंदच्या तोंडात आलं होतं. शिरूर ताजबंदला गाडी थांबली. शेंगावाला चढला, एक चक्कर मारून उतरला. दारात उभा राहिलेला कंडक्टर मागच्या माणसांना आत सरका म्हणत होता. गाडी हलली तरी दयानंदने विचारलं नाही.